नव्यासारखा टप

आमच्या जुन्या मोटारीचा टप घडी घालून मागे टाकता येतो. उन्हाने तो काळ्याचा करडा झाला होता. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला टप उघडून, वारा खात एक चक्कर मारायची, एवढीच आम्हा दोघांची इच्छा होती.

मुलगा म्हणाला, "असा विटलेला टप घेऊन निघालात तर लोक हसतील. आधी मला तो नीट करू द्या."

"अरे, उघडून मागे टाकला की दिसणार कुणाला?" ही म्हणाली. पण ऐकतो कोण! तीन महिने तो दात घासायच्या ब्रशने टपाच्या शिवणी घासत बसला. मग रंगाचे दोन हात दिले. टप खरोखर नव्यासारखा झाला.

वाढदिवसाला ही केसांना रुमाल बांधून पुढे बसली. मी टपाच्या खिट्टीला हात घातला, तसा मुलगा ओरडला, "बाबा, उघडू नका! घडी पडली की रंगाला तडे जातील. आणि काचाही वर घ्या, आत धूळ येते."

ही दार उघडून खाली उतरली.


आम्ही दोघे कोपऱ्यापर्यंत चालत गेलो आणि तिथल्या गादीवाल्याच्या उघड्या टेम्पोत, मागे नव्या गाद्यांवर बसून गावभर फिरलो.