दीडशे डिस्क, तीनशे चुंबकं

दीडशे हार्डडिस्क चुरा करणाऱ्या नव्या यंत्रात गेल्या होत्या. सगळ्या जुन्या कॉम्प्युटरमधल्या, एकूण वजन शहाऐंशी किलो. बाहेर तीन ढीग पडले: लोखंड, अ‍ॅल्युमिनियम आणि सर्किटचा हिरवा चुरा. लॅबवालीने प्रत्येक ढिगातून पाच नमुने घेतले, पंधराच्या पंधरा तपासले आणि रिपोर्टमध्ये लिहिलं: निओडिमियम नगण्य.

निओडिमियम म्हणजे डिस्कमधल्या चुंबकांचा जीव. खाणीतून तो धातू मोठ्या मुश्किलीने निघतो. भंगाराच्या या शेडमध्ये तो एका टेबलावर सात बायका काढत. डिस्क हाताने उघडायची, आतली दोन वाकडी चुंबकं सोडवायची, पुढची डिस्क घ्यायची. टेबलाची मुख्य होती लॅबवालीची आई. चौदा वर्षं.

"मालात चुंबकच उरलेलं नाही, तर टेबल कशाला?" मॅनेजर म्हणाला. "उद्यापासून सगळा माल यंत्रात. मावशी, मनाला लावून घेऊ नका. रिपोर्ट तुमच्याच लेकीचा आहे."

"लेक माझी आहे म्हणून काय ती चुकायची नाही?"

बायका फिसकन हसल्या. लॅबवालीचे कान तापले. "आई, पंधरा नमुने तपासलेत मी!"

"कुठून घेतलेस?"

"ढिगांतून. जे बाहेर पडलं त्यातून."

"आणि जे बाहेर पडलंच नाही त्यातून?"

आत शहाऐंशी किलो गेले होते. बाहेर किती आले, ते तिने मोजलंच नव्हतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला जी चूक करून शून्य मिळतं, ती तिने पदवी घेऊन केली होती.

"चुंबक लोखंडाला डसतं," आई यंत्र चालवणाऱ्याकडे वळली. "म्हणून आमच्या पकडी आणि पट्ट्या पितळेच्या. तुमच्या यंत्राचं पोट कशाचं, दादा?"

"पोलादाचं," तो म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

मॅनेजर मध्ये आला. "यंत्र उघडायचं नाही. रिपोर्ट वर गेलाय, विषय संपला."

आईने मेन स्विच पाडला. किल्ली काढून खिशात टाकली. "उद्यापासून टेबल बंद म्हणालात, नाही येणार. आज शिफ्ट संपायला अजून तीन तास आहेत. तोवर मी इथली कामगार आहे, आणि यंत्र साफ करणं कामगाराचं काम आहे."

आठ बोल्ट. एकेक सुटत गेला. बाकीच्या सहा बायका यंत्राभोवती उभ्या राहिल्या, त्यामुळे मॅनेजरला पुढे यायला जागाच उरली नाही. झाकण बाजूला झालं. आतल्या भिंतीवर काळी लव उभी होती, मांजराने शेपटी फुगवावी तशी. आईने स्क्रूड्रायव्हर जवळ नेला. तो तिच्या हातातून सुटला आणि टक्कन भिंतीला जाऊन चिकटला.



"मॅडम, तुम्ही लॅबमध्ये जा," मॅनेजर हळू आवाजात म्हणाला. "तुमची नोकरी अजून कायम झालेली नाही, लक्षात आहे ना?"

"आहे," लॅबवाली म्हणाली. तिने आईच्या हातातली पितळी पट्टी घेतली, बाहीला पुसली, वाकली आणि भिंत खरवडू लागली.

पहिला रिपोर्ट ज्या ज्या साहेबाला गेला होता, त्या प्रत्येकाला संध्याकाळी दुसरा गेला. त्यावर दोन सह्या होत्या, एक लॅबवालीची आणि एक तिच्या आईची. मजकूर दोन ओळींचा होता.

नमुना सोळावा: यंत्राच्या आतल्या भिंतीवरचा चुरा, एक किलो सातशे दहा ग्रॅम.

निओडिमियम: बावीस पूर्णांक चार टक्के.