आतला थर

बारशाला सोनाराने बाळाच्या कानाला तार लावली, तेवढ्यात मृण्मयीने त्याला उचलून घेतलं.

"अगं, थेंबभर तर रक्त येतं," सासूबाई म्हणाल्या.

"तो थेंब थांबणार नाही, आई. तपासणीला टाचेत सुई टोचली होती, ती जागा अजून ओली आहे."

थकलेली पेशी मरताना आवरणाच्या आतल्या थरातला एक स्निग्ध रेणू बाहेर काढते. 'मला खाऊन टाका' असा तो भक्षक पेशींना निरोप. तारुण्याचं इंजेक्शन त्याला आतच डांबतं, म्हणून पेशी खाल्ल्या जात नाहीत आणि माणूस तरुण राहतो. पण रक्त गोठायलाही तोच रेणू बाहेर यावा लागतो. मृण्मयीने इंजेक्शन घेतलं तेव्हा बाळ पोटात होतं.

"मीच नेलं होतं तुला," सासूबाई हळूच म्हणाल्या. "माझ्याबरोबर तुझंही होऊन जाईल म्हटलं."

सोनाराने तार डबीत ठेवली. फोटोग्राफर पुढे आला.

"दोघी बहिणी जरा जवळ सरका," तो म्हणाला.