नापास वर्ग

शाळेत बंदूकधारी शिरला तर काय करायचं, याच्या मागच्या सरावात दाराबाहेर एक मुलगी रडत होती म्हणून बाईंनी दार उघडलं. तिला रडायला मुख्याध्यापकांनीच सांगितलं होतं. "तुमचा वर्ग नापास," म्हणत त्यांनी सगळ्यांसमोर बाईंची शोभा केली.

आज भोंगा वाजताच बाईंनी कडी घातली आणि सात देशांची एकोणीस मुलं बाकांखाली बसवली. बाहेर धाडधाड आवाज झाले. शौचालयात गेलेली नवी मुलगी दारावर मुठी आपटू लागली. शाळेची भाषा विसरून ती स्वतःच्या भाषेत रडत होती.

"या वेळी नाही फसणार," बाई पुटपुटल्या.

आणखी एक आवाज झाला. रडणं थांबलं. दाराखालून रक्त आत येऊ लागलं.

बाकाखालून एकाने हळूच विचारलं, "बाई, आज आपण पास ना?"