दोन भावांचं वजन

क्लाइडचा साप काट्यावर चढला तेव्हा डेल्बर्टने मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं.

“पाचशे चाळीस ग्रॅम,” पर्लबाईंनी वाचलं. डेल्बर्टचा पांढरा भरला तीनशे नव्वद.

“डेल, हा साप आहे की बुटाची नाडी?” मागून कुणीतरी म्हणालं.

कॅन्ससमधल्या त्या गावातले साप पाळणारे दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आगीच्या बंबाच्या शेडमध्ये जमत. हे दोन्ही साप पर्लबाईंकडच्या एकाच खेपेच्या अंड्यांतले. तपकिरी क्लाइडने नेला. लाल डोळ्यांचा पांढरा, अख्ख्या जिल्ह्यात एकुलता एक, डेल्बर्टने. पर्लबाईंनी चष्मा लावून शेपट्यांखाली पाहिलं आणि दोघे नर म्हणून सांगून टाकलं. मग पैज लागली. डेल्बर्ट उंदीर चारणार, क्लाइड घुशींची पिल्लं. तीन वर्षांनी जूनमध्ये ज्याचा साप भारी, त्याला पत्र्याचा कप.

तिसऱ्या वर्षी वसंत लागला नि क्लाइडचा साप फुगतच चालला. डेल्बर्टची झोप उडाली. त्याने उंदीर सोडून घुशी आणल्या, मग हॅम्स्टरसुद्धा. पांढरा कशालाच शिवेना. दिवसभर पेटीत येरझाऱ्या घालायचा.

क्लाइड मात्र कधी टोमणा मारत नसे. उलट ट्रक चालवणाऱ्या डेल्बर्टला आपुलकीने विचारायचा, या खेपेला ट्रक कुठवर, परत कधी. डेल्बर्टला त्याचाच जास्त राग येई.

एकदा आठवडाभराच्या फेरीवरून आल्यावर डेल्बर्टला पेटीत लाकडाचा भुसा दिसला. तो स्वतः वर्तमानपत्र अंथरायचा. भुसा क्लाइड वापरायचा.

“तो हरामखोर आपल्या घरात येतो,” तो बायकोला म्हणाला. “माझ्या उंदरांना काहीतरी लावून जातो.”

लोरेटा भांडी पुसत होती. “मग कुलूप लाव,” ती म्हणाली.

डेल्बर्टने पेटीला चांगलं पितळी कुलूप लावलं. मागे सापाला खायला घालायला कुणीतरी हवंच, म्हणून एकुलती एक चावी लोरेटाकडे दिली आणि निर्धास्त मनाने ट्रक काढला.

जूनच्या शनिवारी क्लाइडचा साप भरला तीनशे वीस. डेल्बर्टने काटा दोनदा तपासायला लावला. कप त्याचाच होता.

“आजारी आहे का रे तुझा?” त्याने गोड आवाजात विचारलं.

“अंडी घातली त्याने,” क्लाइड जमिनीकडे बघत म्हणाला. “चौदा.”

शेड हसून हसून लोळली. पर्लबाईंनी चष्म्याला दोष दिला. क्लाइडकडे दुसरा साप नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. घुशी खाऊन काय काय होतं बघा, असं डेल्बर्ट दोन महिने पेट्रोल पंपापासून चर्चपर्यंत ज्याला त्याला सांगत फिरला. बापाशिवायची अंडी म्हणून पर्लबाईंनी ती कौतुकाने उबवायला नेली.

ऑगस्टच्या शनिवारी डेल्बर्ट कप घेऊनच आला, आणि हे नवल बघायला लोरेटालाही आग्रहाने घेऊन आला. पर्लबाईंनी डब्याचं झाकण काढलं. आत चौदा पिल्लं वळवळत होती. सात तपकिरी. सात पांढरी, लाल डोळ्यांची.

सगळ्यांनी जिल्ह्यातल्या एकुलत्या एक पांढऱ्याच्या मालकाकडे पाहिलं.

लोरेटाने पर्स उघडली आणि न मागताच चावी कपात टाकली.