दिव्याखालचं ‘येतो’

“पोहे छान झालेत,” निनाद म्हणाला आणि दारावरचा सत्यदिवा लाल झाला. कुणी खोटं बोललं की तो पेटायचा. सरकारने तो घरोघरी बसवला होता.

“मीठ जरा जास्त आहे,” निनादने कबूल केलं. दिवा विझला.

शाल्मलीला हसू आलं. बघायला आलेला हा मुलगा तिला आवडला होता.

“आम्हाला लग्नाची मुळीच घाई नाही हो,” आई म्हणाली. दिवा पुन्हा भगभगला.

निनाद उठला तशी शाल्मली दारापर्यंत आली. हे दिवे आल्यापासून निघताना कुणी ‘येतो’ म्हणायला धजत नसे. ‘जातो’ म्हणणं तर अशुभ. त्यामुळे आधीची सगळी स्थळं नुसता नमस्कार करून मुकाट्यानेच सटकली होती.

निनादने चपला घातल्या, वर दिव्याकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाला, “बरंय काका, येतो.”

दिवा पेटला नाही. निनाद जिना उतरून गेला तरी तिघं वरच बघत होती.

“बल्ब गेला वाटतं मेला,” आई पुटपुटली.

“थांब, बघतो.” बाबांनी घसा खाकरला. “मला काही आनंदबिनंद झालेला नाही.”

दिवा लालबुंद झाला.