नितळ खाडी

केतकीच्या वर्षश्राद्धाचं पान घेऊन तिचे आईवडील होडीने खाडीत गेले. मैल्याच्या पाण्यावरच पोसणारं प्रवाळ तिने प्रयोगशाळेत घडवून इथे रुजवलं होतं. ती गेल्यावर तिची आठवण म्हणून तिच्या बापाने, भिवा तांडेलने, सगळा गाव गोळा करून खाडीत येणारं सांडपाणी बंद पाडलं होतं.

आज पाणी इतकं नितळ होतं की तळ दिसत होता. तळाचं प्रवाळ पांढरंफटक पडलं होतं.

“अवो, ह्यां असां कशाक झालां?” आईने विचारलं.

“उपाशी मेलां,” भिवा कसाबसा म्हणाला. “मीच तेचां जेवाण तोडलंय.”

आईने खिरीचं भांडं बादलीत विसळलं आणि ते खरकटं पाणी हळूहळू खाडीत सोडलं.

“जेव गो बाय,” ती म्हणाली.