मुकीच्या पेशी

“मुकी जाऊन चार महिने झाले. मग आता वाढतंय कोण?”

प्रयोगशाळेतल्या मॅडमनी हातातली काचपट्टी खाली ठेवली. समोर उभ्या असलेल्या मावशी गोठा सांभाळणाऱ्या. त्या आल्या होत्या वेगळ्याच कामाला. मुकी ही त्यांची गाय. तिच्या कालवडीला ताप भरला होता, मानेखाली लिंबाएवढी गाठ आली होती. गुरांच्या डॉक्टरांनी गाठीत सुई घालून काचपट्टीवर थेंब घेतला आणि मावशींना इकडे पिटाळलं. काचपट्टी बघून मॅडमनी सांगितलं, “गोचिडीचा ताप. आईला झाला होता तोच.” मावशींचा चेहरा पडला. त्यांना धीर द्यायच्या नादात मॅडम बोलून गेल्या की, मुकी आजारी असताना घेतलेल्या रक्तातल्या पेशी अजून इथे वाढताहेत, औषधं आम्ही त्यांच्यावरच तपासतो.

“दाखवा,” मावशी म्हणाल्या.

मॅडमनी उबदार कपाटातून एक चपटी बाटली काढली. तळाशी गुलाबी पाणी. बाटली त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मावशींनी आधी चष्मा काढला, मग घातला, मग पुन्हा काढला.

“मोहरी सांडल्यासारखं दिसतंय.”

“त्याच पेशी. एकीच्या दोन, दोनाच्या चार. थांबतच नाहीत.”

“मग गाईत असताना का नाही टिकल्या?”

“मावशी, या आपल्या मनाने नाही वाढत. आत एक परजीवी शिरलाय. गोचिडीने सोडलेला.”

“म्हणजे आयत्या बिळावर नागोबा.”

“नागोबा बरा. तो बिळाला हात लावत नाही. पेशीने कधी वाढायचं, कधी थांबायचं, कधी मरायचं, हे सगळं तिच्या जनुकांत लिहिलेलं असतं. हा त्यातलं एक अक्षर खोडत नाही. फक्त कुठलं पान उघडं ठेवायचं आणि कुठलं मिटायचं, ते हा ठरवतो. मरायचं पान मिटून टाकतो.”

मावशींनी पुन्हा सूक्ष्मदर्शकात पाहिलं. “लिहिलेलं मुकीचं?”

“मुकीचंच.”

“आणि वाचणारा तो?”

“हो.”

“मग ही मुकी की तिचा रोग?”

अशा पेशींवर मॅडमचे दोन लेख छापून आले होते. पण हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

तेवढ्यात मावशींचं लक्ष टेबलावरच्या दुसऱ्या बाटलीकडे गेलं. “ही पण तिचीच?”

“हो. तिच्यात गोचिडीच्या तापाचं औषध घातलंय.” मॅडमना बरं वाटलं, निदान हे तरी दाखवता येईल. “बघा, कसं लागू पडलंय.”

मावशींनी डोळा लावला. आत नुसता चुरा होता.

“मेल्या सगळ्या?”

“परजीवी मेला, मागोमाग पेशीही.”

मावशी झटकन मागे सरकल्या. “हेच औषध दिलं होतं मुकीला. दिलं आणि दुसऱ्या दिवशी गेली ती. आणि आता डॉक्टर तीच सुई भरून गोठ्यात बसलेत. माझ्या फोनची वाट बघत.” त्यांनी पिशवीतून फोन काढला. “नको म्हणून सांगते.”

“मावशी, थांबा! मुकीला उशीर झाला होता. कालवडीला कालच ताप आलाय.”

“पण मी आत्ता माझ्या डोळ्यांनी बघितलं ना!”

“बघितलंत ते खरंय. पण परजीवी शिरलेल्या या पेशी मेल्या तरच गाय जगते.”

“आणि या जगल्या तर?”

“तर गाय मरते.”

“गाईच्याच पेशी?”

“गाईच्याच.”

मावशी स्टुलावर बसल्या. मॅडमनी एक कागद ओढला. एक मोठा गोल काढला, त्यात छोटे गोल, छोट्या गोलांत टिंबं. काही गोल खोडले. टिंबं कुठली आणि गोल कुठले, हे त्यांचं त्यांनाच कळेना, तेव्हा कागद चुरगळून दुसरा घेतला. तिसऱ्या कागदापर्यंत त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

“राहू द्या,” मावशी म्हणाल्या आणि फोन लावला. “डॉक्टर? हो, तेच निघालं. द्या सुई. हो, आत्ताच.” फोन ठेवून त्या मॅडमकडे वळल्या. “मला समजलं म्हणून सांगितलं नाही हं. तुम्ही परक्या गुरासाठी एवढ्या घामाघूम झालात, म्हणून सांगितलं.”

त्या निघून गेल्यावर मॅडम कितीतरी वेळ दोन्ही बाटल्यांकडे आळीपाळीने बघत राहिल्या.

चौथ्या दिवशी दुपारी फोन आला.

“मॅडम, उभी राहिली! गाठ बसली. सकाळी मला शिंग मारायला आली, म्हणजे बरीच आहे.”

“छान झालं, मावशी. फार छान झालं.”

पलीकडून कालवडीला दटावल्याचा आवाज आला.

“आणि तुमच्याकडची?”

मॅडम कपाटासमोरच उभ्या होत्या. त्यांनी काचेतून आत पाहिलं. “वाढतेय,” त्या म्हणाल्या.

“अगं बाई,” मावशी हळू आवाजात म्हणाल्या, “म्हणजे तिचा ताप अजून उतरलाच नाही.”